दोन लॅब, दोन रिपोर्ट : दुर्मिळ कॅन्सरचं नाव नक्की ठरतं कसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमची ताई ४१ वर्षांची, आठ महिने पाळी अनियमित आणि अंगावरून खूप जात होतं, सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत ११ सेंटीमीटरची गाठ दिसली, सीए-१२५ ही ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी आली ३८, ऑपरेशन करून ती ओव्हरी नळीसकट काढली. पहिल्या लॅबचा रिपोर्ट आला 'पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा', म्हणजे मूळ पेशी नीट ओळखू न येणारा, अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, आणि केमोची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. मग कुणीतरी स्लाइड दुसरीकडे दाखवा म्हणालं, तर तिथून आलं 'अ‍ॅडल्ट ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर', म्हणजे ओव्हरीतल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींची दुर्मिळ गाठ. आता तुम्ही विचारताय की दोघांपैकी चुकलं कोण, ऑपरेशनआधीच सुई घालून हे कळलं नसतं का, आणि सीए-१२५ जवळजवळ नॉर्मल असताना कॅन्सर निघालाच कसा.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, २२ वर्षं हेच काम करतेय, त्यातली बरीचशी फक्त स्त्रियांच्या कॅन्सरवर. ताईच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे कुठला रिपोर्ट बरोबर हे मी इथून सांगणार नाही, कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. पण हा गोंधळ नेमका कुठे होतो, का होतो आणि सुटतो कसा हे नीट सांगू शकते, कारण ही जोडी, म्हणजे कार्सिनोमा की ग्रॅन्युलोसा, आमच्या शाखेत नेहमी फसवणारी जोडी आहे.

तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते. कोण चुकलं हे नंतर बघता येईल. आत्ता गोष्ट अशी आहे की आठवड्याभरात केमो सुरू होणार आणि रोगाचं नाव अजून पक्कं नाही. इथे नाव बदललं की सगळं बदलतं. कार्सिनोमा असेल तर बहुतेक वेळा केमो लागते, कधीकधी आणखी मोठं ऑपरेशनही. ग्रॅन्युलोसा असेल, गाठ एकाच ओव्हरीपुरती असेल आणि फुटलेली नसेल, तर ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना केमो लागतच नाही, नियमित तपासण्या लागतात, त्या मात्र वर्षानुवर्षं. म्हणून पहिलं काम हे, की कॅन्सरच्या डॉक्टरांना उद्याच दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा आणि सरळ विचारा, "नाव नक्की होईपर्यंत केमो थांबवता येईल का?" ऑपरेशन होऊन गाठ बाहेर आलेली आहे, तेव्हा अशा फेरतपासणीसाठी थोडे दिवस सहसा देता येतात, पण तो निर्णय ताईची तब्येत आणि स्कॅन बघून त्यांनीच घ्यायचा.

आता दोन शिकलेली माणसं एकच काच बघून वेगळं कसं सांगतात ते सांगते.

आधी दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ ते बघू. युरोपात एक माप वापरतात, वर्षाला एक लाख माणसांमागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण असतील तर तो कॅन्सर दुर्मिळ. या मापाने योनीचा, योनीबाहेरच्या त्वचेचा म्हणजे व्हल्व्हाचा, गर्भाशयाच्या स्नायूचा सार्कोमा, ओव्हरीतले जर्म सेल ट्यूमर म्हणजे अंडं बनवणाऱ्या मूळ पेशींच्या गाठी, ग्रॅन्युलोसासारखे ट्यूमर, वारेच्या पेशींपासून होणारे कॅन्सर, हे सगळे दुर्मिळात जातात. प्रत्येक जण एकटा बघितला तर मोजका, पण स्त्रियांच्या कॅन्सरमधले असे सगळे प्रकार मिळून बेरीज केली तर ती निम्म्याच्या वर जाते. म्हणजे दुर्मिळ कॅन्सर झालेल्या बायका कमी नाहीत, एकेका प्रकाराच्या वाट्याला कमी येतात. जनरल लॅबमधला डॉक्टर सकाळपासून अपेंडिक्स, पित्ताशय, थायरॉइड, आतड्याचे तुकडे असं सगळं बघत असतो, त्याच्या टेबलावर ग्रॅन्युलोसा कधीतरीच येणार. जे रोज दिसतं ते डोळ्यांना आधी आठवतं, आणि ओव्हरीत रोज दिसणारा कॅन्सर म्हणजे कार्सिनोमा.

तुकडा आमच्याकडे आला की आधी तो नुसत्या डोळ्यांनी बघायचा असतो. बाहेरचं आवरण शाबूत आहे का, कुठे फाटलंय का, हे कापायच्या आधी बघायचं, कारण एकदा सुरी फिरली की ते कुणालाच सांगता येत नाही. मग कापायचं. ग्रॅन्युलोसाची गाठ कापली की बऱ्याचदा पिवळसर भाग दिसतो आणि मधे मधे रक्ताने भरलेल्या पोकळ्या असतात, काळपट रक्त कटिंग बोर्डवर ओघळतं. डिसजर्मिनोमा, म्हणजे जर्म सेल ट्यूमरचाच एक प्रकार, कापला तर मऊ, फिकट, मासळीच्या मांसासारखा. साधा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची कॅन्सर नसलेली गाठ, पांढरा, कडक, दोऱ्याची गुंडाळी केल्यासारखा आणि कापल्या कापल्या फुगून वर येतो, तोच सार्कोमा असेल तर मऊ पडलेला, त्यात मेलेला भाग, ती गुंडाळी हरवलेली. एवढ्यावर निदान होत नाही, पण शंका इथेच सुरू होते. मोठ्या गाठीत साधारण दर सेंटीमीटरमागे एक तुकडा तरी घ्यावा असा नियम आहे, म्हणजे ११ सेंटीमीटरच्या गाठीचे दहा-अकरा, आणि जिथे रंग किंवा पोत बदललाय तिथले जास्तीचे. तीन-चार तुकड्यांवर भागवलं असेल तर गाठीचा खरा चेहरा राहूनच जाऊ शकतो. रिपोर्टमध्ये किती ब्लॉक घेतले ते लिहिलेलं असतं, बघा.

मग ते तुकडे मेणात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात, जांभळा-गुलाबी रंग देतात आणि मग मायक्रोस्कोप. ग्रॅन्युलोसाच्या पेशींची केंद्रकं फिकट, लांबट आणि मधोमध एक बारीक खाच, अगदी कॉफीच्या बीसारखी. कुठे कुठे त्या छोट्या पोकळीभोवती गोल करून बसतात. हे दोन्ही छान दिसलं तर कुणीही ओळखेल. पण गाठ नेहमी पुस्तकातल्यासारखी वागत नाही. काही गाठींत पेशी नुसत्या एकसलग पसरलेल्या असतात, खाचा शोधाव्या लागतात, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला असेल तर केंद्रकं काळवंडून आक्रसतात आणि मग ती हुबेहूब वाईट कार्सिनोमासारखी दिसतात. त्यातून केराटिन नावाची चाचणी लावली आणि ती थोडीफार पॉझिटिव्ह आली, जी ग्रॅन्युलोसात येऊ शकते, की माणूस म्हणतो झालं, कार्सिनोमाच.

मी स्वतः यात पडता पडता वाचलेय. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. ओव्हरीची गाठ आली होती, सोबतच्या फॉर्मवर वय ५८ आणि 'ओव्हेरियन मास' एवढंच. स्लाइडवर पेशींचं नुसतं पठार. मी कार्सिनोमा लिहून सीनियर मॅडमकडे सहीला नेलं. त्यांनी काच लावली, मिनिटभर बघितलं आणि मला विचारलं, "हिला अंगावरून जात होतं का गं?" मला माहीतच नव्हतं. वॉर्डला फोन लावला. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि चार महिन्यांपासून पुन्हा अंगावरून लाल जात होतं, सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर १४ मिलिमीटर जाड. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर इतकं जाड कोण करतंय? इस्ट्रोजेन. आणि ते येतंय कुठून? त्या गाठीतून. मॅडमनी रेटिक्युलिनचा स्टेन, म्हणजे पेशींभोवतीचे बारीक तंतू काळे दाखवणारा रंग, लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या काळ्या तंतूंनी पेशींच्या पूर्ण पुंजक्याला वेढा घातलेला दिसला, एकेका पेशीभोवती तंतू नाहीत, आणि सगळं एकदम जुळलं. त्या दिवसापासून माझी सवय झालीय, फॉर्म कोरा असेल तर स्लाइड बघायच्या आधी फोन करायचा.

तुमच्या ताईचा इतिहास वाचताना मला तेच आठवलं. आठ महिने अनियमित पाळी, जास्त रक्तस्राव, आणि सोबत ओव्हरीत गाठ. ४१ व्या वर्षी पाळी बिघडायला शंभर कारणं असतात हे खरं, त्यामुळे यावरून ग्रॅन्युलोसा सिद्ध होत नाही, पण दुसऱ्या रिपोर्टशी ते जुळतं आणि पहिली स्लाइड बघणाऱ्याला हे सांगितलं होतं का हा प्रश्न उरतो. ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मिळालं तर मिळवा.

आता हा वाद मिटवायचा कसा. त्यासाठी इम्युनो म्हणजे आयएचसीच्या चाचण्या असतात, पेशीत कुठलं प्रथिन आहे ते रंगाने दाखवणाऱ्या. या प्रश्नाला मी स्वतः इन्हिबिन, कॅलरेटिनिन, एसएफ-१ आणि फॉक्सएल२ हे एका बाजूला लावते आणि ईएमए, पॅक्स८ दुसऱ्या बाजूला. ग्रॅन्युलोसात पहिल्या गटातले बहुतेक पॉझिटिव्ह येतात आणि ईएमए, पॅक्स८ सहसा निगेटिव्ह. ओव्हरीच्या नेहमीच्या सिरस कार्सिनोमात बरोबर उलटं. एकाच मार्करवर भरवसा ठेवायचा नाही, चित्र सगळ्यांचं मिळून वाचायचं. एवढ्यावरही शंका राहिली तर फॉक्सएल२ जनुकातल्या बदलाची चाचणी आहे. २००९ मध्ये हा शोध लागला, कॅनडातल्या संशोधकांनी ८९ अ‍ॅडल्ट ग्रॅन्युलोसा गाठी तपासल्या त्यात ८६ मध्ये जनुकातलं नेमकं एकच अक्षर बदललेलं सापडलं, तेही प्रत्येकीत तेच. कॅन्सरच्या दुनियेत इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. ही चाचणी त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते, ताईला पुन्हा काही टोचावं लागत नाही.

म्हणून म्हणते, ब्लॉक ही ताईची ठेव आहे. फेरतपासणीला नुसत्या काचा पुरत नाहीत, ब्लॉक मागा. पहिली लॅब ते देते, तो रुग्णाचा हक्क आहे, फक्त सही करून घ्या, ब्लॉकचे नंबर लिहून ठेवा, आणि उन्हात तापलेल्या गाडीत पिशवी ठेवून जाऊ नका, मेण वितळतं. सोबत पहिला रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, सोनोग्राफी-एमआरआयचे रिपोर्ट आणि पाळीचा इतिहास एका कागदावर लिहून द्या. हा कागद कुणी मागत नाही, पण मी शपथेवर सांगते, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. आणि तिसरं मत घ्यायचं तर जिथे रोज स्त्रियांचेच कॅन्सर बघतात अशा पॅथॉलॉजिस्टचं घ्या. तिसरी कुठलीही लॅब गाठून दोन विरुद्ध एक असं मतदान करण्यात अर्थ नाही.

सीए-१२५ बद्दल. याची मर्यादा ३५ धरतात, ताईचं ३८, म्हणजे असून नसल्यासारखं. हा मार्कर मुख्यतः सिरस प्रकारच्या कार्सिनोमात वाढतो. ग्रॅन्युलोसात तो नॉर्मल असणं अजिबात नवल नाही. उलट पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात, पोटाच्या टीबीत तो वाढतो आणि कॅन्सर नसतो. पोटाचा टीबी तर इतका हुबेहूब सोंग घेतो की पोटात पाणी, आतड्यावरचं आवरण जाड, सीए-१२५ पाचशेच्या पुढे, सगळे ओव्हरीचा कॅन्सर धरून बसलेले आणि तुकडा माझ्याकडे येतो तर त्यात टीबीच्या गाठी. म्हणून हा आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही आणि वाढला म्हणून रडत बसायचं नाही. ग्रॅन्युलोसासाठी इन्हिबिन-बी आणि एएमएच, म्हणजे या पेशी बनवतात ती रक्तातली हार्मोन, जास्त कामाची. ताईचं नाव नक्की झालं तर ते आता करून ठेवायला सांगा, पुढे तुलनेला लागेल.

वयानुसार रक्ततपासण्या बदलतात हे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मुद्दाम लिहिते. मुलगी किशोरवयीन किंवा विशीतली असेल आणि ओव्हरीत घट्ट गाठ असेल तर ऑपरेशनआधी एएफपी, बीटा एचसीजी (गरोदरपणात वाढणारं हार्मोन) आणि एलडीएच या तीन रक्ततपासण्या केल्याच पाहिजेत, कारण या वयात जर्म सेल ट्यूमरची शक्यता जास्त. एएफपी खूप वाढलं तर योक सॅक ट्यूमर, एलडीएच वाढलं तर डिसजर्मिनोमाची शंका, बीटा एचसीजी वाढलं तर आधी गरोदरपण नाही ना ते बघायचं आणि मग कोरिओकार्सिनोमाचा, म्हणजे वारेच्या पेशींसारख्या कॅन्सरचा विचार. हे आधी माहीत असेल तर सर्जन फक्त एक ओव्हरी काढून दुसरी आणि गर्भाशय वाचवू शकतो, कारण या गाठी केमोला फार छान दाद देतात आणि मुलीला पुढे मूल होऊ शकतं. हे न करता घाईने सगळं काढून टाकलेलं मी पाहिलंय, ते दुःख वेगळं असतं, ते रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. तरुण मुलीला गाठ आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असेल तर आणखी एक फार दुर्मिळ आणि आक्रमक प्रकार असतो, त्यात स्मार्का४ नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि ते घराण्यात असू शकतं, म्हणून तिथे जेनेटिक सल्लाही लागतो. आणि ओव्हरीत गाठ, सोबत आवाज घोगरा, चेहऱ्यावर केस, पाळी बंद, असं असेल तर पुरुषी हार्मोन बनवणारी गाठ आहे का ते बघायचं.

सुईचं म्हणाल तर तुमचा राग समजतो. स्तनाच्या गाठीत सुई घालतात, थायरॉइडमध्ये घालतात, मग इथे का नाही? कारण ओव्हरीची गाठ ही पोटात लटकलेली पिशवी आहे. ती एका आवरणात शाबूत असेल तोवर रोग आत कोंडलेला असतो. सुईने किंवा ऑपरेशनमध्ये ती फुटली आणि आतलं पोटात सांडलं तर स्टेज १ए, म्हणजे एकाच ओव्हरीत कोंडलेला रोग, तिची पुढची १सी होते, कधीकधी जिला केमो लागली नसती तिला ती द्यावी लागते. म्हणून गाठ ओव्हरीपुरती वाटत असेल तर ती अख्खी बाहेर काढणं हीच तिची बायोप्सी. दुर्बिणीतून काढली तरी पोटातच पिशवीत घालून, न फोडता. रोग आधीच पोटभर पसरलेला असेल आणि पहिल्यांदा केमो द्यायची असेल तेव्हा मात्र पद्धत वेगळी, तेव्हा आतड्यावरच्या आवरणातून जाड सुईने तुकडा घेतात आणि तो घ्यायलाच हवा. म्हणजे ताईच्या डॉक्टरांनी आधी सुई घातली नाही हे बरोबरच केलं. तुम्ही त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे, गाठ काढताना अख्खी निघाली की फुटली? ऑपरेशन नोटमध्ये ते असतं. ग्रॅन्युलोसा असेल तर पुढचा निम्मा निर्णय या एका ओळीवर अवलंबून आहे.

अजून एक राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते. ग्रॅन्युलोसा इस्ट्रोजेन बनवतो, त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढतं, आणि काही जणींमध्ये तिथे वेगळा कॅन्सरही सापडतो. ताईचं गर्भाशय जागेवर आहे आणि तिला आठ महिने रक्तस्राव होता, तेव्हा अस्तराचा तुकडा तपासला होता का ते विचारा. नसेल तर तो घ्यायला हवा. दोन रिपोर्टच्या भांडणात ही गोष्ट हमखास विसरली जाते.

गर्भाशयाच्या सार्कोमाचंही थोडं, कारण खाली प्रतिक्रियांत एकीने तिच्या फायब्रॉइडबद्दल विचारलंय. तिथे अडचण अशी की गाठ स्नायूच्या भिंतीत असते, आणि आपण बायोप्सी म्हणून घेतो ते आतलं अस्तर, त्यामुळे ती नॉर्मल आली तरी सार्कोमा नाही असं म्हणता येत नाही. एमआरआयवर शंका येते, खात्री होत नाही. पाळी गेल्यावर, हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना फायब्रॉइड वाढत असेल तर मी तरी त्याला साधा म्हणणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मॉर्सेलेटर, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गाठीचे बारीक तुकडे करून बाहेर काढायचं यंत्र, त्याबद्दल इशारा दिला, त्यांचा तेव्हाचा अंदाज होता की फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन झालेल्या ३५० बायकांमागे एकीला न कळलेला सार्कोमा असतो. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा वर-खाली झाला, पण मुद्दा बदलला नाही, तुकडे पोटात उडाले तर रोग पसरतो. आणि आम्हाला तो चुरा मिळाला तर कडा कुठली, मध्य कुठला, काहीच कळत नाही, नुसत्या चुऱ्यात पेशींचं विभाजन मोजत बसावं लागतं. शंका असेल तर गाठ अख्खी काढायला सांगा, टाका थोडा मोठा पडेल.

योनीबाहेरच्या त्वचेचा कॅन्सर ही तर बघितल्यावर दिसणारी गोष्ट आहे आणि तरीही उशिरा सापडतो, कारण कुणी बघतच नाही. खाज येते, बाई लाजते, फोनवर सांगून मलम आणते, सहा महिने एक मलम, मग दुसरं, अंगावर काढते. माझ्याकडे आलेल्या एका बाईने १४ महिने वेगवेगळी मलमं लावली होती, एकदाही कुणी कपडे बाजूला करून तपासलं नव्हतं. शेवटी तपासलं तेव्हा दोन सेंटीमीटरची जखम होती. तिथे निदान अगदी साधं, जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या पंचने कडेचा तुकडा, पाच मिनिटांचं काम. मधला सडलेला भाग नको, कड हवी, कारण चांगली त्वचा आणि बिघडलेली त्वचा जिथे भेटतात तिथेच कळतं. खाज, पांढरा चट्टा, न भरणारी जखम, रंग बदललेला डाग, काही आठवड्यांच्या औषधाने गेलं नाही तर मलम बदलू नका, तुकडा घ्या म्हणून सांगा. लाज वाटत असेल तर सोबत कुणाला तरी घेऊन जा, पण जा.

आणि एक कॅन्सर असा आहे की जिथे माझी गरजच लागत नाही, तोही सांगते. द्राक्षगर्भ झाला, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षाच्या घडासारख्या वाढल्या, तो साफ केला, तरी बीटा एचसीजी खाली यायच्याऐवजी तीन आठवडे तिथेच अडकलं किंवा सलग दोन आठवडे वाढत गेलं, तर तेवढ्या आकड्यांवर निदान होतं आणि उपचार सुरू करता येतात, तुकड्याची वाट बघत नाहीत, कारण त्या जागी तुकडा घेतला तर धो धो रक्तस्राव होऊ शकतो. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने कोरिओकार्सिनोमा बरा करून दाखवला, केमोने बरा झालेला तो पहिला घट्ट गाठीचा कॅन्सर मानतात. एक सावधगिरी, रक्तात एचसीजी दिसतंय पण सोनोग्राफीत काहीच नाही, तर लघवीतलंही तपासा. काही जणींच्या रक्तातल्या अँटिबॉडीजमुळे चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते आणि लघवीत ती निगेटिव्ह असते. नसलेल्या कॅन्सरवर केमो, यापेक्षा वाईट काय असणार.

तुमच्याकडे परत येते. आत्ता करायचं एवढंच, कॅन्सरच्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवून केमोची तारीख नावानंतर ठेवायला सांगणं, ब्लॉक घेऊन स्त्रियांच्या कॅन्सरच्या पॅथॉलॉजिस्टकडून इम्युनोसकट मत घेणं, ऑपरेशन नोटमधून गाठ फुटली का ते बघणं, आणि अस्तराचा तुकडा झाला का ते विचारणं. जमलं तर पहिल्या पॅथॉलॉजिस्टलाही जाऊन भेटा, रागाने नाही. आम्ही माणसं पडद्यामागे असतो, पेशंटचं कुणी आमच्याकडे येत नाही, पण आलं तर बहुतेक जण स्लाइड पुन्हा काढून बघतात आणि चुकलं असेल तर सुधारित रिपोर्ट देतात. मीही दिलेत.

शेवटी तुम्ही विचारलंत की ताईच्या मुलींना धोका आहे का. अ‍ॅडल्ट ग्रॅन्युलोसा नक्की झाला तर फॉक्सएल२ मधला तो बदल गाठीत घडलेला असतो, आईकडून मुलीकडे जाणारा नसतो, एवढं तिला आज सांगू शकता, रात्री झोप लागेल. कार्सिनोमा निघाला तर मात्र बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाच्या चाचणीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. आणि ग्रॅन्युलोसा असेल तर पाच वर्षं झाली, सुटलो असं करू नका, हा ट्यूमर दहा, कधी वीस वर्षांनीही परत येतो, हळू वाढतो आणि सापडला तर काढता येतो, म्हणून तपासण्यांची वही ताईसोबत कायम राहू दे. तिसरा रिपोर्ट आला की नाव-नंबर झाकून इथे टाका, मार्करची ओळ न् ओळ समजावून सांगेन.